कोंबड्यांना खड्डा आणि गुरांना लस, असे का?

साक्री तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या वडिलांची दहिवेलजवळ अंड्यावरच्या पक्ष्यांची शेड होती. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा त्यांचे पक्षी मारले गेले नाहीत, कारण शेड मारण्याच्या हद्दीबाहेर होती. पण अंडी घ्यायला गाडीच येईना, आणि त्याच वर्षी शेड बंद पडली. आता ते स्वतः पाच हजार लेयर, म्हणजे अंड्यावरच्या, पक्ष्यांची शेड उभारण्याच्या विचारात आहेत. २०२२ साली गुरांच्या अंगावर गाठी आणणारा लम्पी आला तेव्हा सरकारने गुरांना फुकट लस टोचली आणि मेलेल्या जनावरांचे पैसेही दिले. मग कोंबड्यांच्या वेळी सरसकट मारून टाकण्याचाच मार्ग का धरला, ते शास्त्र होते की घाबरटपणा, आणि उद्या पुन्हा साथ आली तर सरकार वेगळे वागेल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी एकतीस वर्षे पशुधन विकास अधिकारी म्हणून काम केले, त्यातली बहुतेक धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तीन जिल्ह्यांत. दोन्ही साथींच्या वेळी मी कामावर होतो. त्यामुळे मी अगदी तटस्थपणे लिहितो आहे असे कोणी समजू नये. खड्ड्याच्या कडेला उभे राहून पक्ष्यांच्या आकड्याखाली सही करणाऱ्यांत मीही होतो.

आधी शास्त्राचा भाग पाहू, कारण त्याशिवाय पुढचे सगळे बोलणे अधांतरी राहील. लम्पी हा देवीच्या कुळातल्या विषाणूचा आजार आहे. तो मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो, माणसाला होत नाही, आणि बाधित गुरांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण सहसा शेकडा एक ते पाचच्या आसपास राहते. म्हणजे ताप उतरवला, जखमा धुतल्या, चारापाणी तोंडाशी नेऊन दिले तर बहुतेक जनावर उठून उभे राहते. शिवाय शेळ्यांच्या देवीवरची लस आपल्याकडे आधीपासून तयार होत होती आणि ती गुरांच्या या आजारावरही बऱ्यापैकी लागू पडते, त्यामुळे साथ दारात आली तेव्हा हातात काहीतरी होते.

बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू याच्या अगदी उलट वागतो. पक्ष्यांची विष्ठा, नाकातोंडातला स्राव, खाद्याच्या गोण्या, अंड्यांचे ट्रे, गड्यांच्या चपला आणि टेम्पोची चाके यांच्यावरून तो पसरतो आणि शेडमध्ये शिरला की काही दिवसांत ती ओस पाडू शकतो. माणसाला तो क्वचितच होतो, पण जगभरात नोंद झालेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले आहेत, आणि माणसामाणसांत सहज पसरण्याची शक्ती त्याला आली तर काय होईल, ही भीती २००६ साली साऱ्या जगाला होती. लसीची अडचण अशी की लस दिलेला पक्षी मरत नाही, मात्र विषाणू अंगात वागवून विष्ठेतून बाहेर टाकत राहू शकतो. मरतूक हीच आपली धोक्याची घंटा. लस दिल्यावर घंटा वाजायची थांबते आणि आग मात्र धुमसत राहते. चीनने तरीही २००५ च्या सुमारास लसीकरणाचा मार्ग धरला, आणि फ्रान्सने २०२३ मध्ये बदकांना लस द्यायला सुरुवात केली, म्हणजे मारणे हा जगातला एकमेव उपाय आहे असे नाही. परंतु लसीकरणानंतर कळपाकळपातून सतत नमुने तपासत राहण्याची जी यंत्रणा लागते ती आपल्याकडे २००६ साली नव्हती. तेव्हा मारण्याचा निर्णय घाबरून घेतलेला नव्हता, इतके मी खात्रीने सांगू शकतो. माझी तक्रार आहे ती निर्णयाच्या आधीच्या तीन आठवड्यांविषयी आणि नंतरच्या काही महिन्यांविषयी.

सुरत-भुसावळ मार्गावरचे नवापूर स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटावरचा एक बाकसुद्धा दोन राज्यांत वाटला गेला आहे. धुळे-सुरत महामार्ग गावाला लागून जातो, सुरतेची बाजारपेठ जवळ आहे, मका खान्देशात मुबलक पिकतो. लेयर शेडी इथे वाढल्या त्या या सोयींमुळे, आणि रोगालाही त्याच वाटा मोकळ्या मिळाल्या. जानेवारी २००६ च्या अखेरीपासून पक्षी मरू लागले होते. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेचा निष्कर्ष जाहीर झाला तो १८ फेब्रुवारीला, आणि भारतातली बर्ड फ्लूची पहिली नोंद म्हणून नवापूरचे नाव जगभर गेले.

या मधल्या दिवसांत मालकांना मरतूक दिसत नव्हती असे नाही. पण आपल्या भागात मरतूक म्हटली की पहिले नाव राणीखेतचे येते, ज्याला जुनी माणसे मानमोडी म्हणतात, आणि लक्षणे वरवर पाहता तशीच होती: हिरवट हगवण, माना टाकणे, अंडी एकदम घटणे. तुरा निळा पडणे, डोके सुजणे, पायांच्या नळ्यांवर रक्ताळलेले डाग येणे, ही वेगळी खूण होती खरी, पण आपल्यापैकी कोणीही, मी धरून, हा रोग तोवर प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. राणीखेत समजून लस टोचली गेली, औषधे पाण्यात दिली गेली. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे: शेडमध्ये मरतूक वाढते आहे हे दिसताच काही मालकांनी धडधाकट दिसणारे पक्षी मिळेल त्या भावात विकून टाकले. मेलेले पक्षी नाल्याच्या काठी, झुडपात टाकलेले मी स्वतः पाहिले आहेत. त्यांना दोष देणे सोपे आहे. नंतर कधीतरी साक्रीकडच्या एका मालकाला मी विचारले की तुम्ही दवाखान्यात कळवले का नाही, तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टर, सांगं ते धंदा बुडस, नही सांगं ते कोंबड्या मरतस." त्याच्या या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण सांगणाऱ्याच्या हातात काय पडेल हे त्या दिवसापर्यंत सरकारने कुठेच लिहून ठेवलेले नव्हते.

सरकारकडून झालेला उशीरही त्यातच आला. अशा विषाणूचा निर्णायक तपास करणारी प्रयोगशाळा देशात त्या काळी एकच, ती भोपाळला. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून नमुने माणसाबरोबर पाठवायचे, भुसावळहून इटारसीमार्गे गाडी धरायची, बर्फ वितळला तर पुन्हा भरायचा, आणि मग वाट पाहायची. आता ही सोय पुष्कळ सुधारली आहे. प्राथमिक तपासणी पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात होते आणि निकाल लवकर हाती येतो. पण त्यावेळी एका टोकाला गप्प बसलेला मालक आणि दुसऱ्या टोकाला एकच प्रयोगशाळा, यांच्यामध्ये विषाणूला भरपूर मोकळीक मिळाली. सीमेपलीकडे गुजरातच्या उच्छल भागातल्या शेडींतही तो निघाला.

निष्कर्ष आल्यानंतर मात्र सरकार ज्या वेगाने हलले त्याला मी आजही दाद देतो. राज्यभरातून पशुवैद्यक आणि परिचर नवापुरात आले, ३ किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करण्याचा आदेश निघाला, आरोग्य खात्याच्या पथकांनी घरोघर जाऊन तापाचे रुग्ण शोधले, संशयितांचे नमुने तपासले गेले, आणि एकाही माणसात हा संसर्ग सिद्ध झाला नाही. भारतात या रोगाने माणसाचा पहिला नोंदलेला मृत्यू झाला तो थेट जुलै २०२१ मध्ये, आणि तोही उत्तरेत. खड्ड्यावर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना रोज ऑसेल्टामिव्हिर या विषाणूविरोधी औषधाची गोळी समोर उभे राहून गिळायला लावत. फेब्रुवारीच्या दुपारी तो प्लास्टिकचा पोशाख, रबरी बूट, दुहेरी हातमोजे आणि चष्मा घालून शेडमध्ये दहा मिनिटे काढली की चष्म्याला आतून वाफ धरायची आणि समोरचा पिंजरा दिसेनासा व्हायचा. मग हाताला लागेल तो पक्षी धरायचा.

खड्ड्याचा हिशेब तुम्हाला सांगून ठेवतो, कारण शेड बांधताना तो कोणी विचारात घेत नाही. दोन मीटर लांब, दोन रुंद आणि दोन खोल अशा खड्ड्यात सुमारे १,८०० पक्षी मावतात, असे सरकारी कृती आराखड्यात दिले आहे. म्हणजे ५० हजार पक्ष्यांच्या फार्मला असे अठ्ठावीस खड्डे, किंवा तेवढ्या मापाचा लांब चर, शिवाय अंडी, खाद्य, तूस आणि विष्ठा पुरायची जागा वेगळी. प्रत्येक थरावर चुना, वर मातीचा जाड थर, आणि कुत्री उकरणार नाहीत असा बंदोबस्त. नवापुरातून रंगावली नदी वाहते. काही फार्मची जमीन अशी की थोडे खणले की ओल लागायची, आणि मग जेसीबी दुसरीकडे हलवावा लागायचा. काळ्या जमिनीत यंत्र रुतायचे. एका फार्मवर आम्ही खड्डा बुजवत होतो तेव्हा मालकाचा गडी, जो सकाळपासून आमच्याबरोबर पक्षी धरून देत होता, संध्याकाळच्या सवयीने खाद्याची बादली भरून रिकाम्या शेडमध्ये गेला, आणि आत गेल्यावर त्याच्या लक्षात आले.

मोठ्या शेडी मोजता येतात. खरी कसोटी लागली ती परसातल्या कोंबड्यांशी, आणि तिथे आपण कमी पडलो. मार्च २००६ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत घरच्या कोंबड्यांत हाच विषाणू सापडला, आणि मारण्याचे काम पिंजऱ्यांतून उठून गल्लीबोळांत, शेतांत आणि पाड्यांवर आले. गावठी कोंबडी दिवसभर उकिरड्यावर आणि शेतात असते, रात्री झाडावर चढते किंवा डालग्याखाली झाकली जाते. आमची पथके सकाळी दहाला गाडीतून उतरायची आणि बाराला दोन कोंबड्या धरून परत यायची. तीन दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात आले की दिवेलागणीला जावे. ती अक्कल त्या गावातल्या कोणत्याही म्हातारीने पहिल्याच दिवशी दिली असती, पण तिला विचारले कोणी? नवापूर भागातल्या भिल्ल, मावची, कोकणी घरांत कोंबडी म्हणजे पाहुण्याचे जेवण, देवाचा मान आणि अडीअडचणीला बाजारात नेऊन मीठमिरचीचे पैसे करायची पुंजी. ती सरकारच्या माणसाने माने धरून नेली, हातात एक कागद दिला, आणि त्या कागदाचे पैसे कोणत्या दारात मागायचे हे त्या बाईला कळले नाही. कितीतरी डालगी रातोरात हद्दीबाहेरच्या नातेवाइकांकडे गेली, म्हणजे रोग थांबवण्यासाठी आखलेल्या रेषेनेच रोगाला गाव सोडायला लावले.

त्या वेळची सर्वांत मोठी झळ तुमच्या वडिलांसारख्यांना बसली, आणि ती कुठल्याही सरकारी आकड्यात नाही. २००६ च्या साथीत महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश मिळून सुमारे दहा लाख पक्षी नष्ट केले गेले, त्यांच्या मालकांना भरपाई मिळाली, आणि ऑगस्ट २००६ मध्ये देश रोगमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पण रेल्वेने जेवणातून चिकन आणि अंडी काढून टाकली, देशभर लोकांनी कोंबडी खाणे सोडले, आणि हद्दीपासून दहा, वीस, दोनशे किलोमीटरवरचा मालक निरोगी पक्ष्यांना रोज खाद्य घालत, अंडी फेकत बसला. सत्तर अंशांच्या वर शिजवलेल्या मांसात आणि अंड्यात हा विषाणू टिकत नाही, हे सांगायला सरकारी यंत्रणेने उशीर केला आणि सांगितले तेही अशा पुस्तकी भाषेत की कोणी ऐकले नाही. भरपाईचा नियम नष्ट केलेल्या पक्ष्याला धरून आहे. न मारलेल्या पक्ष्याचा मालक त्यात कुठेच बसत नाही. हा नियम आजही तसाच आहे.

आता लम्पीकडे येतो. महाराष्ट्रात २०२२ च्या लाटेतला पहिला रुग्ण जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावल येथे ४ ऑगस्टला नोंदला गेला. नवापूरच्या तुलनेत या वेळी तीन गोष्टी चांगल्या घडल्या. पहिली अशी की शेतकऱ्याने लपवले नाही. गाईच्या अंगावरच्या गाठी लपवता येत नाहीत हे एक कारण, पण आपले जनावर कोणी ओढून नेऊन मारणार नाही याची खात्री, हे मोठे कारण. दुसरी म्हणजे २००९ चा प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांचा कायदा हाताशी होता; या कायद्याने मालकावर आणि ग्रामपंचायतीवरही रोगाची खबर देण्याचे बंधन आहे, आणि त्याच्याच आधारे सप्टेंबरमध्ये सारे राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर होऊन गुरांचे बाजार, शर्यती आणि वाहतूक थांबवता आली. तिसरी म्हणजे पैशांचा आकडा साथ ऐन भरात असतानाच जाहीर झाला: दुभत्या जनावरामागे ३० हजार, बैलामागे २५ हजार, वासरामागे १६ हजार रुपये. लसीकरणही राज्यभर मोफत झाले, त्यासाठी खासगी पशुवैद्यक आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थीही कामाला लावले गेले.

तरी उशीर इथेही झालाच, फक्त त्याची जागा बदलली. कच्छ-सौराष्ट्रात आणि राजस्थानात गुरे मरत असल्याच्या बातम्या उन्हाळ्यापासून येत होत्या. खान्देशाची सीमा गुजरातला आणि मध्य प्रदेशाला भिडलेली आहे, गुजरातकडून येणारे काठेवाडी आपल्या गीर गाईंचे कळप घेऊन इथे चराई करत फिरतात, आणि त्यांचे नाव कुठल्याही गावाच्या पशुगणनेच्या कागदावर नसते. जूनमध्येच सीमेलगतच्या तालुक्यांतली गुरे आणि हे फिरते कळप टोचले असते तर लसीला अंगात भिनायला वेळ मिळाला असता. लस टोचल्यापासून पुरेशी प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात. आपण पहिला रुग्ण सापडल्यावर त्याच्याभोवती ५ किलोमीटरचे वर्तुळ आखून टोचायला निघालो, भर पावसाळ्यात, माश्या आणि डास ऐन बहरात असताना. परिणाम असा झाला की पुष्कळ गुरांना टोचले त्या दिवशी विषाणू आधीच अंगात होता. चौथ्या-पाचव्या दिवशी गाठी आल्या आणि गावात बोलबाला झाला की लसीनेच रोग आला. यावल-रावेर पट्ट्यात एका गावात याच कारणाने आमच्या पथकाला वेशीवरून परत पाठवले होते. दुसऱ्या खेपेला मी गोठ्याच्या ओट्यावर बसून तारखा लिहून दाखवल्या, तेव्हा कुठे दोर सुटले.

सुईविषयी एक सांगायला हवे, कारण तिथली चूक आमची होती. सूचना स्पष्ट होती की प्रत्येक जनावराला नवी सुई. पण एका दिवसात दोनशे-तीनशे गुरे टोचायची, सोबत एक परिचर, सुया मोजक्या, त्यात बैल धरायला माणूस नाही, अशा वेळी काही ठिकाणी एकाच सुईने गोठाच्या गोठा टोचला गेला. ज्या आजाराचा विषाणू माशीच्या सोंडेवरून जातो तो सुईच्या टोकावरूनही जाऊ शकतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. तालुक्यातल्या दवाखान्यांतली कितीतरी पदे वर्षानुवर्षे रिकामी, एकेका डॉक्टरकडे दोन-दोन, तीन-तीन दवाखान्यांचा पदभार, आणि साथ आली की त्याच माणसाने लस टोचायची, आजारी जनावर पाहायचे, पंचनामा करायचा आणि रात्री जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे बारा आकडी क्रमांक ऑनलाइन भरत बसायचे. बिल्ल्यावरून आठवले: ज्या जनावराच्या कानात बिल्ला नव्हता त्याच्या मालकाला पैशांसाठी फार खेटे घालावे लागले.

त्या वर्षी पोळा ऑगस्टच्या अखेरीस आला. गावात बैल एकत्र मिरवू नका हे सांगणे म्हणजे खान्देशात घरातल्या माणसाला लग्नाला येऊ नको म्हणण्यासारखे, पण बहुतेक गावांनी ते मानले, आणि घरच्या अंगणातच बैलांना आंघोळ घालून, नैवेद्य दाखवून पोळा केला. हे मुद्दाम सांगतो, कारण लोक ऐकत नाहीत हे सरकारी बैठकांतले नेहमीचे वाक्य आहे. त्या दिवशी लोकांना कारण पटले होते आणि ते ऐकत होते.

दोन्ही साथी शेजारी ठेवल्या तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते असे निघते. मारायचे की टोचायचे हे विषाणूने ठरवले, त्यात सरकारला फारशी निवड नव्हती. सरकारच्या हातात होते ते एवढेच की पहिली खबर देणाऱ्याचे काय होईल. लम्पीत खबर देणाऱ्याच्या दारात डॉक्टर आणि औषध आले. बर्ड फ्लूत जेसीबी आला. जेसीबी येणे टळत नसेल तर त्याच्या आधी पैशांची खात्री पोहोचली पाहिजे, आणि ती कोंबडीच्या बाबतीत अजूनही पुरी पोहोचलेली नाही.

२०२१ मध्ये हे पुन्हा दिसले. जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला आणि फेब्रुवारीत नवापुरात, म्हणजे पंधरा वर्षांनी त्याच गावात, त्याच महिन्यात लाखो पक्षी पुन्हा पुरावे लागले. या वेळी मारण्याची हद्द ३ किलोमीटरवरून १ किलोमीटरवर आणलेली होती, ही माझ्या मते शहाणपणाची सुधारणा, कारण त्यामुळे परसातल्या पुष्कळ कोंबड्या वाचल्या आणि लपवालपवीही कमी झाली. भरपाईचे दरही आधीपासून ठरलेले होते: आठ आठवड्यांवरच्या लेयर पक्ष्याला ९० रुपये, त्याखालच्या पिल्लाला २०, सहा आठवड्यांवरच्या ब्रॉयलरला ७०, अंड्याला ३ आणि नष्ट केलेल्या खाद्याला किलोमागे १२ रुपये, अर्धे केंद्राचे आणि अर्धे राज्याचे. ब्रॉयलरवाल्याचे यात कसेबसे भागते. लेयरवाल्याचे भागत नाही, कारण अठरा-वीस आठवडे पोसून पक्षी अंड्यावर येतो तोवर त्याच्यावर या रकमेच्या दुपटीहून जास्त खर्च झालेला असतो, आणि पुढचे वर्षभर तो जे देणार असतो ते वेगळेच. आठ आठवड्यांची तलंग आणि ऐन अंड्यावरची कोंबडी यांना एकच दर लावणे हा हिशेब मला कधीच पटला नाही. वयाप्रमाणे दर ठेवा असे मी नोकरीत असताना लेखी कळवले होते, त्याचे पुढे काय झाले ते मला कोणी सांगितले नाही.

तरीही तुम्हाला शेड टाकू नका असे मी म्हणणार नाही. भरपाई फक्त सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, त्याआधी मेलेल्यांची नाही, हा नियम कठोर वाटला तरी तो लवकर कळवणाऱ्याच्या बाजूचा आहे. रोज शेकड्यांनी मरत असताना चार दिवस गप्प बसणाऱ्या मालकाच्या हातात शेवटी मोजायला पक्षीच उरत नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा आणि तिच्यात तीनच गोष्टी लिहा: त्या दिवशीचे जिवंत पक्षी, मेलेले पक्षी आणि खाल्लेले खाद्य. पिल्लांची आणि खाद्याची बिले त्याच वहीला टाचून ठेवा. पाच हजारांच्या शेडमध्ये रोज एक-दोन पक्षी मरणे चालते. एखाद्या दिवशी आकडा वीस-पंचवीसवर गेला किंवा पाणी-खाद्य एकदम घटले, तर राणीखेत असेल असे म्हणत दुकानातून औषध आणू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि ग्रामपंचायतीत लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पंचनाम्याच्या वेळी आकड्यावरून वाद होतो तेव्हा ती वही आणि ती पोच यांच्याइतके उपयोगाचे दुसरे काही नसते. मी कितीतरी वाद या दोन कागदांवर मिटवलेले आहेत आणि ते नसल्यामुळे चिघळलेलेही पाहिले आहेत.

जागेविषयी एवढेच की कोंडाईबारीच्या घाटाकडे शेड टाकणार असाल तर शेजारच्या फार्मपासून एक किलोमीटरहून अधिक अंतर मिळते का ते पाहा. नाहीतर त्याच्या शेडमधल्या रोगाने तुमचे निरोगी पक्षी हद्दीत येतील. अंड्यांचे ट्रे परत घेऊ नका, कागदी वापरा. अंडी न्यायला येणारा टेम्पो फाटकाबाहेर थांबवा. आणि शेडच्या मागे, विहिरीपासून दूर, जिथे मुरूम लागतो आणि पाणी लागत नाही, अशी थोडी जागा रिकामी ठेवा. पाच हजार पक्ष्यांना तीन खड्डे पुरतात.